मंगळवारचा फळा

२ जानेवारी, शुक्रवार

प्लायच्या कंपनीने यंदाही डायरी पाठवली. पुठ्ठा जाड, कागद पातळ, पहिल्या पानावर कंपनीच्या मालकाचा हसरा फोटो आणि खाली 'आपले नाते अतूट'. त्याच पाकिटात दरवाढीचं पत्रक. नातं अतूट आणि शीट आठ टक्क्यांनी महाग. निदान दोन वेगळ्या पाकिटांत तरी घालायचं.

हे होते तेव्हा दरवर्षी डायरी हौसेने घ्यायचे आणि तिच्यात फक्त टेम्पोवाल्यांचे फोन नंबर लिहायचे. ह्यांना जाऊन सहा वर्षं झाली. तेव्हापासून डायऱ्या माळ्यावर जातात. यंदा वाटलं, आपणच लिहून बघावं. दुकानात दिवसभर बोलून घसा बसतो, पण त्यात स्वतःचं असं एक वाक्य नसतं. भाऊजींशी बोलावं तर ते हिशेबाचं होतं आणि जाऊबाईंशी बोलावं तर ते गावभर होतं.

भाऊजी म्हणजे माझे धाकटे दीर. प्लायवूडचं दुकान आम्हा दोघांचं. माल आणणं, बँक, गोदाम त्यांच्याकडे. गल्ला आणि गिऱ्हाईक माझ्याकडे. दाराशी एक फळा आहे, त्यावर रोजचे भाव मी खडूने लिहिते. आज जुने पुसून नवे लिहिले. लाकूड महाग, गोंद महाग, वाहतूक महाग, असं पत्रकात आहे. येणाऱ्या प्रत्येकाने तोंडसुख मात्र माझ्यावर घेतलं, जसं काही गोंद मीच लपवून ठेवलाय.

६ जानेवारी, मंगळवार

मंगळवारी मिस्त्री येतात. ह्यांच्या वेळेपासूनचं गिऱ्हाईक. सुतारकाम एकट्याने करतात, कपाटं, ओटे, दुरुस्त्या. हाताखाली माणूस टिकत नाही, कारण मिस्त्रींना त्याचं काम पसंत पडत नाही. पेन्सिल चष्म्याच्या डबीत ठेवतात आणि चष्मा तसाच खिशात. त्यामुळे पेन्सिलीला टोक कायम आणि चष्म्यावर ओरखडे.

शीट निवडताना त्यांच्याकडे बघावं. बोटाच्या पेराने एका कोपऱ्यापासून दुसऱ्या कोपऱ्यापर्यंत ठोकत जातात आणि कान जवळ नेतात. आत कुठे पोकळी असली की आवाज बदलतो. मग एक डोळा मिटून कडेवरून बघतात, शीट वाकली आहे का. दहातल्या दोन घेतात. दुसऱ्या कुणी असं केलं तर मी म्हणेन, बाबा रे, घ्यायची तर घे. मिस्त्रींना मी कधी म्हटलेलं नाही.

आज निवडून झाल्यावर त्यांनी विचारलं, "भाव तोच ना, वहिनी?"

फळा त्यांच्या पाठीमागेच होता. पण इतक्या वर्षांत त्यांनी फळा वाचल्याचं मला आठवत नाही. भाव ते माझ्या तोंडून ऐकतात. मी नवा आकडा सांगायला तोंड उघडलं, तेवढ्यात त्यांच्या बाहीकडे लक्ष गेलं. काळ्या शर्टाला पांढऱ्या दोऱ्याने टाका घातला होता. बायको जाऊन त्यांना बारा वर्षं झाली. तेव्हापासून हाताला लागेल तो दोरा.

मी म्हटलं, "तोच."

पैसे मोजले, शीट हातगाडीवर चढवल्या, गेले. मी चहा विचारला तर नेहमीचंच, "पुढच्या वेळी." सगळं मिळून पाच मिनिटं. वरचा फरक मी माझ्या पर्समधून गल्ल्यात टाकला. दुकानाचं काही नुकसान नाही. जुन्या गिऱ्हाइकाला सांभाळावं लागतं.

१३ जानेवारी, मंगळवार

सकाळी फळा ओल्या फडक्याने स्वच्छ पुसला आणि संध्याकाळपर्यंत कोरा ठेवला. भाऊजींना सांगितलं, खडूची पूड नाकात जाते, अधूनमधून धुतलेला बरा.

३ फेब्रुवारी, मंगळवार

पुन्हा पत्रक. या वेळी ब्लॉकबोर्ड, एमडीएफ आणि वरचा मायकासुद्धा. 'आपल्या सहकार्याबद्दल आभारी आहोत.' सहकार्य कुणी केलं?

आज एक गृहस्थ बायकोला आणि सासूला घेऊन आले. एका शीटसाठी तासभर. आधी गृहस्थ बोलले, ते दमल्यावर बायको, ती दमल्यावर सासू. तीन वेळा दाराबाहेर जाऊन तीन वेळा परत आले. दोनदा चहा प्यायले. सासूबाईंनी त्यांच्या गुडघ्याची सगळी कथा सांगितली. शेवटी मी थोडं कमी केलं आणि जाताना त्या म्हणाल्या, "बरं वाटलं हो तुमच्याशी बोलून."

मिस्त्री त्यानंतर आले. भाव ऐकला, "ठीक," म्हणाले, गेले. ज्यांनी बसू नये असं वाटतं ते तास तास बसतात. असो.

२४ फेब्रुवारी, मंगळवार

मिस्त्री आज चक्क दोन वाक्यं जास्त बोलले. बाजारातल्या बाकीच्या सुतारांनी त्यांना विचारलं म्हणे, तुला माल कितीला पडतो? यांनी सांगितलं. तर कुणाचा विश्वास बसेना. "मी म्हटलं, आमच्या वहिनींचं दुकान लुटारू नाही. बाकी सगळीकडे लूट चाललीय नुसती."

दिवसभर मला छान वाटत होतं. 'आमच्या' म्हणाले. जाऊबाई रात्रीच्या भाज्या निवडताना म्हणाल्या, "काय हो, आज तुम्ही गुणगुणताय." मी म्हटलं, घसा साफ करतेय. "मंगळवारीच बरा खराब होतो घसा," असं म्हणून त्या शेंगा सोलत राहिल्या. या बाईला दुसरा उद्योग नाही.

१७ मार्च, मंगळवार

मिस्त्रींची कामं सुटताहेत. आज एकच शीट घेतली, तीही पातळ. म्हणाले, "काय झालंय कळत नाही, वहिनी. लोक बोलावतात, मी माप घेतो, अंदाज सांगतो. 'बरं बरं, कळवतो,' म्हणतात आणि काम दुसऱ्याला देतात. मी तर सगळ्यांपेक्षा कमी सांगतो."

"पुन्हा विचारायचं त्यांना," मी म्हटलं.

"एकीला विचारलं. नुसती हसली."

हल्ली लोकांना पारखच राहिली नाही. चांगला माणूस कमी पैशांत काम करून देतोय, तरी नको. मला फार वाईट वाटलं. म्हणून मायकाचाही भाव खाली सांगितला, लाकडाच्या पट्ट्यांचाही. निदान पुढच्या गिऱ्हाइकाला त्यांना आणखी कमी सांगता येईल.

२१ एप्रिल, मंगळवार

मिस्त्री आले नाहीत.

फळा सकाळीच पुसला होता. दुपारपर्यंत कोराच ठेवला, मग लिहिला, मग वाटलं, उशिरा आले तर? पुन्हा पुसला. भाऊजी बँकेतून आले आणि फळ्याकडे आणि माझ्याकडे आळीपाळीने बघून आत गेले.

दुपारी दुकान रिकामं होतं. मी उठून भिंतीला टेकवलेल्या शीट बोटाने ठोकत बसले. पहिल्या दोन-चारात काही कळलं नाही. मग एका ठिकाणी आवाज एकदम बसका आला. तिथे ठोकलं, बाजूला ठोकलं, पुन्हा तिथे. खरंच बदलतो. इतकी वर्षं मी हा माल विकते आणि मला माहीत नव्हतं. कुणाला तरी सांगावंसं वाटलं. सांगायचं ते एकाच माणसाला.

२८ एप्रिल, मंगळवार

ताप आला होता म्हणे. गाल पार बसलेत. मी विचारलं, "जेवणाचं काय केलंत?" तर म्हणाले, "केलं काहीतरी." हे 'काहीतरी' मला संध्याकाळपर्यंत छळत होतं.

माझ्या स्टुलाचा एक पाय कधीपासून डुगडुगतो. आज मिस्त्रींनी ते बघितलं, काही न बोलता स्टूल उलटं केलं, सांध्यातला वाळलेला जुना डिंक खरवडला, पाचर मारली, सरळ करून ठेवलं. पैसे घेईनात. म्हणाले, "तुमच्या दुकानामुळे तर माझं चाललंय."

या वाक्याने खरं तर बरं वाटायला हवं होतं. तसं वाटलंही. पण जेवताना अर्धी पोळी ताटात तशीच ठेवून उठले. का ते कळलं नाही.

१९ मे, मंगळवार

तिसरी दरवाढ. आता मिस्त्रींचा भाव आणि खरा भाव यांत एवढी दरी पडली आहे की माझी पर्स मंगळवारी संध्याकाळी रिकामीच असते. नवा चष्मा करायचा होता, तो पुढे ढकलला. हरकत नाही. मला दूरचं नीट दिसतं, आणि मिस्त्री दाराजवळच उभे राहतात.

भाऊजी म्हणाले, "वहिनी, बाकी सगळे दिवस फळ्यावर अक्षर असतं. मंगळवारीच का पुसलेला असतो?"

"धुते मी."

"सोमवारी धुवा की."

त्यांना काय उत्तर द्यायचं ते मी उद्या ठरवीन.

९ जून, मंगळवार

मिस्त्री आज नाचतच आले म्हणायला हरकत नाही. म्हणजे नेहमीसारखेच आले, पण चष्मा पुसलेला होता.

वाचनालयाचं काम मिळालं. नवीन वाचनकक्ष, भिंतभर कपाटं, मधे दोन लांब टेबलं. समितीने चौघांकडून अंदाज मागवले होते आणि मिस्त्रींचा सगळ्यांत कमी निघाला. "चाळीस शीट लागतील. पुढच्या मंगळवारी टेम्पो घेऊन येतो. तोवर निवडून ठेवू नका हां, मीच निवडणार."

मी सवयीने चहा विचारला. आणि ते "हो," म्हणाले.

स्टूल मी त्यांना दिलं आणि स्वतः गोणपाटाच्या गठ्ठ्यावर बसले. त्यांनी प्लायच्या एका तुकड्यावर पेन्सिलीने सगळी खोली काढून दाखवली. खिडकी कुठे, कपाट कुठे. खालचा कप्पा मुलांसाठी, म्हणून त्याच्या कडा गोल करणार. टेबलाची उंची किती ठेवावी यावर त्यांनी माझं मत विचारलं. माझं! मी बसून दाखवलं, कोपर कुठे येतं ते. त्यांनी कोपराखाली टेप धरला. कप अर्धा राहिला तरी ते बोलत होते. ह्यांच्या माघारी इतकी वर्षं या दुकानात बसतेय, पण आज पहिल्यांदा दुकान बंद करायची वेळ लवकर झाली असं वाटलं.

तो तुकडा मी ठेवून घेतला आहे.

जाताना दारात थांबून म्हणाले, "सगळा अंदाज तुमच्याच भावावर दिलाय, वहिनी. समितीला लिहून दिलंय. आता मागे-पुढे होणार नाही."

मी हसून मान हलवली. ते कोपऱ्यावर वळल्यावर मी एका जुन्या बिलाच्या मागे फरकाची आकडेमोड केली. चाळीस शीट.

१० जून, बुधवार

चाळीस शीटचा फरक कुठल्याच पर्समध्ये मावणारा नाही. माझी बँकेतली ठेव मोडली तर होईल. ठेव कशासाठी असते? अडीअडचणीसाठी. ही अडचणच आहे.

पण ठेवीच्या कागदावर भाऊजींचीही सही लागते.

१२ जून, शुक्रवार

ठेवीचा प्रश्नच राहिला नाही. दुपारी भाऊजी दुकानात असताना एक तरणा सुतार आला आणि काउंटरवर हात ठेवून म्हणाला, "मला पण मिस्त्रींच्या भावाने द्या." भाऊजी म्हणाले, "कुठला मिस्त्रींचा भाव?" त्याने आकडा सांगितला. भाऊजींनी फळ्याकडे बोट दाखवलं. तो म्हणाला, "तो फळा आमच्यासाठी. मंगळवारी कोरा असतो तो त्यांच्यासाठी. सगळ्यांना ठाऊक आहे."

सगळ्यांना ठाऊक होतं! एका माणसाला सोडून.

तो गेल्यावर भाऊजींनी शटर अर्धं ओढलं. आवाज चढवला नाही. चढवला असता तर सोपं गेलं असतं.

"फरक तुम्ही पदरचा घालत होता? पाच-सहा महिने?"

"दुकानाचं काही नुकसान नाही झालं."

"ते मला दिसतंय. पण का?"

"जुनं गिऱ्हाईक आहे."

"जुनी गिऱ्हाइकं मलाही आहेत, वहिनी. मी त्यांना कॅलेंडर देतो."

मग म्हणाले, या चाळीस शीटचं मंगळवारी तुम्ही सांगा, नाहीतर मी सांगतो. खऱ्या भावाने माल जाईल, नाहीतर जाणार नाही. आणि हे पुन्हा होणार असेल तर काउंटरवर दुसरं कुणी बसवू, तुम्ही घरी आराम करा.

घरी आराम! म्हणजे मंगळवारसुद्धा नाही.

जाऊबाईंना कळलंच. मला वाटलं, आता टोमणा येणार. पण त्यांनी माझ्या ताटात गरम वाढलं आणि म्हणाल्या, "खाऊन घ्या आधी." त्यांनी चिडवलं असतं तर बरं होतं. एवढ्यानेच मला रडू आलं.

१६ जून, मंगळवार

फळा पुसला नाही. तीनही दरवाढी धरून पूर्ण भाव, मोठ्या अक्षरांत.

मिस्त्री टेम्पोवाल्याला घेऊन आले आणि सरळ आत जाऊन शीट ठोकायला लागले. सात-आठ निवडून बाजूला लावल्या. मला वाटत होतं, आधी निवडून होऊ दे. मग वाटलं, टेम्पोत चढू दे. असं वाटत राहिलं असतं तर मी त्यांच्या मागून वाचनालयापर्यंत गेले असते. टेम्पोवाल्याला चहाला पाठवलं.

"मिस्त्री, भाव तो नाही."

"म्हणजे?"

"जानेवारीपासूनच नाही. तीनदा वाढला. तुम्हाला मी जुना सांगत होते."

हात शीटवर तसाच राहिला. "आणि वरचे पैसे?"

"ते मी घालत होते."

"का?"

'जुनं गिऱ्हाईक' अगदी ओठांवर होतं. भाऊजींना सांगून झालं होतं, डायरीला सांगून झालं होतं. मिस्त्रींसमोर ते काही केल्या येईना. जे आलं ते भलतंच.

"तुमच्या बाहीला टाका होता," मी म्हटलं. "पांढऱ्या दोऱ्याचा."

मिस्त्रींनी बाहीकडे बघितलं. दुसराच शर्ट होता.

मग ते स्टुलावर बसले. बोलले तेव्हा माझ्याशी बोलत होते असं वाटलं नाही.

"म्हणून लोक परत येत नव्हते. सगळीकडे माल महाग आणि मी सांगतोय स्वस्त. त्यांना वाटलं असणार, मिस्त्री हलका प्लाय घालतो. म्हणून ती बाई हसली." चष्मा काढला, पुसला नाही, तसाच परत घातला. "भाव तुम्ही उतरवलात, वहिनी. नाव माझं उतरलं."

हे माझ्या डोक्यात कधीच आलं नव्हतं. मार्चमध्ये ते स्वतः मला सांगत होते आणि मी ऐकून मायका स्वस्त केला!

मी म्हटलं, वाचनालयाला सांगा, अंदाज बदलून द्या, मी येते समितीसमोर. ते म्हणाले, "लिहून दिलंय. शब्द बदलायची सवय नाही मला." मग उठून म्हणाले, "माझ्यावर कुणी दया केलेली मला चालत नाही."

"दया नव्हती."

"मग काय होतं?"

टेम्पोवाला परत आला. मिस्त्री त्याला म्हणाले, आज नाही, सामान नंतर उचलू. मला म्हणाले, "खऱ्या भावाने लावा. तो येऊन घेऊन जाईल." त्याच्यासोबत गेले. निवडलेल्या सात-आठ शीट बाजूला तशाच उभ्या.

२३ जून, मंगळवार

टेम्पोवाला एकटाच आला. "मिस्त्री म्हणाले, अर्धा माल आज द्या. निवडायला ते येणार नाहीत. तुम्ही द्याल त्या द्या."

त्यांनी निवडलेल्या पहिल्या. मग उरलेल्या मी निवडल्या. एकेक शीट ठोकली, कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत, कान लावून. एक डोळा मिटून कडा बघितल्या. जुन्या चष्म्याने कडा नीट दिसत नाहीत, म्हणून उन्हात नेऊन बघितल्या. टेम्पोवाला जांभया देत म्हणाला, "मावशी, लग्नाची मुलगी निवडताय का?" पेरं दुखायला लागली तेव्हा कुठे वीस पुऱ्या झाल्या. भाऊजी गोदामाच्या दारातून बघत होते. नाकारलेल्या शीट त्यांनी मुकाट्याने परत रचल्या.

३० जून, मंगळवार

उरलेला माल गेला. मी विचारलं, आधीच्या मालाबद्दल काही म्हणाले का? टेम्पोवाला म्हणाला, "उतरवताना एकेक ठोकून बघत होते. एकही परत नाही केली."

"एवढंच?"

"शेवटी विचारलं, कुणी निवडल्या? मी म्हटलं, मावशींनी. मग पुन्हा पहिलीपासून ठोकून बघितल्या."

१४ जुलै, मंगळवार

आले नाहीत. आता माल लागणारच नाही, येतील कशाला.

फळ्यावर भाव लिहिले. अक्षर चांगलं काढलं.

२८ जुलै, मंगळवार

आज इथे खरं ते लिहिते, नाहीतर डायरीचा उपयोग काय. दया नव्हती आणि जुनं गिऱ्हाईकही नव्हतं. मला तो माणूस दर मंगळवारी दारात दिसायला हवा होता. भाव वाढला तर ते दुसरीकडे जातील, ही भीती होती. ह्यांच्याशी माझा संसार चांगला झाला. त्यात काही कमी नव्हतं, आणि या वाटण्याने त्यातलं काही कमी होत नाही. तरी मिस्त्रींनी "मग काय होतं?" विचारलं तेव्हा हे सांगता आलं नाही. या वयात ते कुठल्या शब्दांत सांगतात तेही मला माहीत नाही.

आणि गंमत अशी, की जे बांधून ठेवायला गेले त्यानेच सगळं सुटलं. भाव खरा सांगितला असता तर निदान कुरकुर करत उभे राहिले असते. मी पाच मिनिटांत मोकळं करत होते त्यांना.

१८ ऑगस्ट, मंगळवार

शीट आणखी महाग. पत्रक वाचलंच नाही, आकडा तेवढा बघितला.

नवा चष्मा केला. दूरचं आता फारच स्वच्छ दिसतं. रस्ता कोपऱ्यापर्यंत दिसतो. कोपऱ्यावर कुणी नसतं तेही दिसतं.

१२ सप्टेंबर, शनिवार

वाचनकक्ष उघडून आठवडा झाला. आज जाऊबाई म्हणाल्या, "मी दुकानात बसते, तुम्ही वाचनालयात जाऊन या." मी म्हटलं, मला कुठे वाचायला वेळ. त्या म्हणाल्या, "वाचायला कोण म्हणतंय?"

गेले. कपाटं भिंतभर, सांधा कुठे आहे ते शोधावं लागतं. खालच्या कप्प्याच्या कडा गोल. एक लहान मुलगी तिथे मांडी घालून बसली होती, डोकं कडेला टेकवून. मी लांब टेबलाशी जाऊन बसले आणि वर्तमानपत्र उघडलं. कोपर टेबलावर असं बसलं की जरासुद्धा वर नाही, जरासुद्धा खाली नाही. सगळ्या गावाला ते टेबल माझ्या मापाचं करून ठेवलंय त्यांनी, भांडण झाल्यावरसुद्धा.

हळूच पेराने ठोकून बघितलं. आवाज भरीव. शेजारचे आजोबा वर्तमानपत्रावरून बघायला लागले तेव्हा थांबले.

निघताना ग्रंथपाल कुणाला तरी सांगत होते, "इतक्या कमीत कसं केलं देव जाणे. माल मात्र एक नंबर. माझ्या घरचं कपाटही त्यांनाच सांगितलंय. आणखी दोघांनी नंबर नेलाय." मी मुद्दाम चपलेचा बंद बांधत बसले, सगळं ऐकेपर्यंत.

६ ऑक्टोबर, मंगळवार

आले.

मी काउंटरमागे खाली वाकून सुतळी शोधत होते. कुणीतरी दाराशी मोठ्याने वाचत होतं. "अठरा एमएम... बारा एमएम... ब्लॉकबोर्ड..." वर बघितलं तर मिस्त्री फळ्यासमोर, नाक फळ्याला लावून, पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचताहेत. खाली दुकानाचा फोन नंबर आहे, तोही वाचला.

मग आत आले. काळाच शर्ट. बाहीवरचा टाका काळ्या दोऱ्याचा होता.

"सहा शीट हव्यात," म्हणाले. "भाव हाच?"

"हाच."

मला वाटलं, आता "ठीक" म्हणतील. माझा हात बिलाकडे गेला होता.

"फार होतात हो," मिस्त्री म्हणाले.

मी बघतच राहिले. इतक्या वर्षांत हे वाक्य या माणसाच्या तोंडून मी ऐकलेलं नाही.

"कंपनीनेच वाढवलाय," मी म्हटलं.

"कंपनी काय, वाढवतेच. तुम्ही थोडं कमी करा." आणि स्टूल ओढून बसले.

घासाघीस त्यांना मुळीच येत नाही. पहिल्यांदाच इतकं थोडं कमी मागितलं की दुसऱ्या कुणाला मी लगेच देऊन टाकलं असतं. मी म्हटलं, परवडत नाही. ते म्हणाले, बरं, मग त्याच्या निम्मं कमी करा. मी म्हटलं, मिस्त्री, असं उलटं नसतं मागायचं. ते म्हणाले, मग कसं मागायचं ते सांगा. सांगितलं. चहा आला. गोंद का महागला ते मी सविस्तर समजावून दिलं, पत्रकातलं सगळं. त्यांनी ग्रंथपालांच्या कपाटाचं सांगितलं. वाचनालयात घाटा आला, पण आता कामं हातात मावत नाहीत. मी टेबलाचं बोललेच नाही. नुसतं कोपर काउंटरवर ठेवलं. त्यांनी ते बघितलं आणि चहात बघायला लागले.

भाऊजी आतून दोनदा डोकावले. दुसऱ्यांदा म्हणाले, "देऊन टाका हो वहिनी थोडं कमी करून, किती वेळ बसलेत ते."

"दुकानाचं नुकसान होतं," मी म्हटलं.

शेवटी मिस्त्री उठले. शीट घेतल्याच नाहीत. "विचार करतो," म्हणाले, "उद्या येतो."

माझा अनुभव असा, की विचार करून उद्या येतो म्हणणारं गिऱ्हाईक कधी परत येत नाही.

७ ऑक्टोबर, बुधवार

आले. आज थोडं बरं जमलं त्यांना. भाव मी एक पैसाही उतरवला नाही.